बुटाच्या बाई

संगणकाच्या पडद्यावर आलेलं अक्षर न् अक्षर बाई मोठ्याने वाचायच्या. मनातल्या मनात वाचणं त्यांच्या लेखी वाचणंच नव्हतं. यंत्राने काही विचारलं की आपण चटकन ‘हो’ दाबून मोकळे होतो. बाई मात्र चष्मा नाकावर नीट बसवायच्या, तो प्रश्न खणखणीत आवाजात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायच्या, त्याचा मराठीत अर्थ सांगायच्या आणि मगच बोट उचलायच्या. “त्याने विचारलंय ना काहीतरी? मग आधी ऐकून तर घ्या,” असं त्यांचं म्हणणं.

आम्ही जुन्या पनवेलात एकाच इमारतीत राहायचो. मी पहिल्या मजल्यावर, त्या दुसऱ्या. बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. रसायनीच्या एका कारखान्यात संगणक विभागात नोकरी करून निवृत्त झालेल्या. यजमान गेलेले, एकुलती मुलगी लग्नानंतर इस्रायलला. मी नेऱ्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आमच्या शाळेला मुंबईच्या एका ऑफिसने नऊ जुने संगणक दिले होते. देताना आतलं सगळं पुसून दिलेलं. चालू केलं की काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ यायची, बस. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, टाइम वेस्ट आहे. भंगारात द्या.” मुख्याध्यापक तयारही झाले. जिन्यात भेटल्या तेव्हा मी हे सहज बाईंना सांगितलं.

“बूट होत नाही म्हणजे मेलं नाही काही,” त्या म्हणाल्या. “उठल्यावर काय करायचं हे त्याच्या डोक्यातून गेलंय. ते आपण पेनड्राइव्हवरून सांगू. शाळा कधी मोकळी असते?”

मी म्हटलं, शनिवारी सकाळी.

“शनिवारी नाही. शनिवारी मी गॅसलाही हात लावत नाही, तुझ्या मशीनला कुठून लावू? बुधवारी येते.”

आणि बुधवारी खरंच आल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला लॅपटॉपची बॅग, वडापच्या रिक्षात तिसऱ्या सीटवर अंग चोरून बसलेल्या. पहिल्या संगणकाला पेनड्राइव्ह लावून त्या एक बटण टकटक दाबत राहिल्या आणि स्वतःशीच म्हणत होत्या, “बूट हो रे, बूट हो.” भोवती सगळी पाचवी जमलेली. एकीने वाकून टेबलाखाली पाहिलं आणि विचारलं, “बाय, याचा बूट कुठं हाय? आमाला तर दिसत नाय.” त्या दिवसापासून त्या बुटाच्या बाई झाल्या. हे नाव त्यांना इतकं आवडलं की शाळेत फोन केला तरी त्या “बुटाच्या बाई बोलतेय” अशीच सुरुवात करायच्या.

पेनड्राइव्ह तयार करणं म्हणजे फाइल आत टाकणं, असं मला वाटायचं. बाई म्हणाल्या, “डब्यात तांदूळ भरले म्हणजे भात झाला का? ही फाइल नुसती ठेवायची नसते, खास पद्धतीने लिहावी लागते. आणि लिहिताना आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून कुठल्या ड्राइव्हवर लिहितोय त्याचं नाव वाचायचं. मोठ्याने.” संगणक सुरू झाला म्हणून त्या खूशही व्हायच्या नाहीत. पेनड्राइव्ह काढायचा, संगणक बंद करायचा, पुन्हा लावायचा. “काठी काढून चालला, तर चालला,” असं म्हणायच्या.

दर बुधवारी एक, असे पाच संगणक उठले. सहाव्याच्या वेळी त्यांनी मला खुर्चीत बसवलं. “मी काय जन्मभर येणार आहे का? तू कर.” लॅपटॉपला त्या दिवशी दोन पेनड्राइव्ह लावलेले होते, एकाच कंपनीचे, एकसारखे काळे. एक शाळेचा. दुसरा बाईंचा स्वतःचा. त्यातलं काहीतरी भाच्याला पाठवायचं होतं. बाई हात धुवायला बाहेर गेल्या. मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत आटपावं म्हणून मी यादीतला वरचा ड्राइव्ह निवडला. सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं विचारलं गेलं. मी ‘हो’ दाबलं.

बाई आल्या तेव्हा हिरवी पट्टी निम्मी भरली होती. सवयीप्रमाणे त्या पडदा वाचायला लागल्या आणि ड्राइव्हच्या नावापाशी थांबल्या. नाव होतं ‘आई’.

माझ्या खांद्यावरून हात पुढे करून त्यांनी काम थांबवलं, तो पेनड्राइव्ह काढला आणि रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाल्या, “ह्यावर आता काही लिहायचं नाही. जे पुसलं ते पुसलं. बाकीचं अजून खाली असेल.” आणि शाळेच्या पेनड्राइव्हकडे बोट केलं. “आता ह्याच्यावर कर.”

“बाई, आज नको.”

“आजच. आज उठलीस तर पुन्हा कधी बसणार नाहीस. वाच.”

मी वाचलं. आवाज कसा होता ते मलाच माहीत. शाळा सुटायच्या आत सहावा संगणक सुरू झाला, काठी काढूनही चालला.

परतीच्या रिक्षात मी विचारलं, त्यात काय होतं. “माझ्या आईची कीर्तनं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या समाजात मराठी कीर्तनं होत, योसेफाची, मोशेची आख्यानं, पेटी आणि झांजांवर. आई कीर्तनकार होती. यजमानांनी कॅसेटवर टिपून ठेवलेली अकरा कीर्तनं बाईंनी पेनड्राइव्हवर घेतली होती. कॅसेटना बुरशी लागली, त्या टाकून दिल्या. दुसरी प्रत नव्हती. हे सगळं त्यांनी रस्त्याकडे बघत, वार सांगावा तसं सांगितलं. मला रडू आलं तर म्हणाल्या, “एकच प्रत ठेवली ही माझी चूक. तुझी चूक नंतरची.”

पुढचे तीन आठवडे त्या घरी तो पेनड्राइव्ह खरवडत बसल्या. अकरापैकी सात कीर्तनं परत आली, पण नावांशिवाय, नुसत्या आकड्यांनी. त्यांनी प्रत्येकाला पुन्हा नाव दिलं आणि प्रती काढल्या. एक मुलीला, एक भाच्याला, एक मला. बुधवार मात्र एकही चुकला नाही. नऊपैकी आठ संगणक चालू झाले तेव्हा डबाभर मलिदा घेऊन आल्या, गोड पोहे, ओलं खोबरं, वर केळ्याच्या चकत्या. नवस फेडताना तो करतात. कसला नवस होता ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या सहाव्या बुधवारी मी काय केलं, याबद्दल मला त्यांची नीट माफी मागायची होती. विषय काढला की त्या नवव्या संगणकाच्या पंख्याबद्दल बोलायला लागायच्या.

गेल्या वर्षी मुलीने हट्टाने त्यांना तिकडे बोलावून घेतलं. निघायच्या दिवशी मी वर गेले. घर रिकामं झालं होतं आणि बाई पदर खोचून स्वयंपाकाचा ओटा पुसत होत्या. दुसऱ्याच्या हातात घर द्यायचं ते स्वच्छ द्यावं, म्हणाल्या. मी दारातच उभी राहून सगळं बोलून टाकलं. या वेळी त्यांनी ऐकून घेतलं. फडकं पिळून वाळत टाकलं.

“सुजाता, आई गेल्यापासून मी त्यातलं एकही ऐकलं नव्हतं. नुसतं जपून ठेवलं होतं. नावं गेली म्हणून कुठलं कुठलं ते ओळखायला सगळी ऐकावी लागली. पहिली दोन ऐकताना फार त्रास झाला. मग नाही झाला.”

“आणि ती चार?”

“एकातलं थोडं येतं मला.”

मी फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू करून जमिनीवर ठेवला. बाई भिंतीला टेकून बसल्या, मांडीवर हाताने ताल धरला आणि म्हणायला लागल्या. आवाज वाचतानाचाच, खणखणीत. एका ओळीपाशी थांबल्या. डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि त्याच ओळीपाशी पुन्हा थांबल्या.

“पुढचं येत नाही,” म्हणाल्या आणि खिडक्या लावायला उठल्या. खाली गाडी आली होती.

फोन बंद करायचं मला सुचलं नाही. त्यामुळे माझ्याकडच्या त्या कीर्तनात शेवटी चार खिडक्या एकामागून एक बंद झाल्याचे आवाज आहेत.