डाव्या गालाचा ब्रश

लाखनीला हायवेच्या कडेला आमचं जनरल स्टोअर्स आहे. बांगड्या, टिकल्या, पावडरचे डबे, आणि एका बाजूच्या काचेच्या कपाटात पुरुषांचं सामान: ब्लेड, क्रीम, तुरटी, दाढीचे ब्रश. हे कपाट माझ्या ताब्यात आहे. बाई दाढीचा ब्रश दाखवते म्हटल्यावर नवीन गिऱ्हाईक जरा बिचकतं, पण मी बोलायला लागले की मुकाट्यानं ऐकतं. न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही, हे मी गल्ल्यावर बसल्यापासून शिकले. नवरा म्हणतो, तू तर दाढी नसलेल्यालाही ब्रश विकशील. विकलाय, एकदा, एका नवऱ्या मुलाला.

माझं भाषण ठरलेलं असतं. हा नायलॉनचा घ्या. मऊ आहे, थेंबभर पाण्यात फेस होतो, केस गळत नाहीत, झटकला की वाळला. ट्रकवाल्यांचा तर हा फार आवडता, कारण ओला तसाच डब्यात टाकून पुढं निघता येतं. कुणी हळूच विचारतं, "याच्यात डुकराचे केस तं नाई ना?" मग मी छातीठोकपणे सांगते, "एकबी नाई. कारखान्यातला धागा हाये." खऱ्या केसांचा ब्रश मी दुकानात ठेवतच नव्हते. तो आधी गरम पाण्यात भिजत घाला, मग नीट वाळवा, पावसाळ्यात त्याचा वास सोसा, आणि एवढं करून तो गालाला टोचणार. हे लाड करणार कोण?

माझे बाबा करत होते.

बाबा चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत जमिनीखाली कामाला होते. पाळी संपवून वर आलेली माणसं ओळखू यायची नाहीत, सगळी सारखीच काळी. आंघोळ केली तरी ती काळी भुकटी दाढीच्या मुळाशी बसून राहायची. म्हणून बाबा सकाळी नाही, पाळीवरून आल्यावर दाढी करत. क्वार्टरच्या ओट्यावर खिळ्याला आरसा, स्टीलच्या ग्लासात कढत पाणी, आणि त्यात भिजणारा डुकराच्या केसांचा ब्रश. तो गालावर गोल गोल फिरू लागला की पांढरा फेस राखाडी होत जायचा. तो धुऊन टाकायचा आणि पुन्हा नवा फेस. तो पांढराच राहिला की मग रेझरला हात. मी जवळ रेंगाळत असले की ब्रशचं टोक माझ्या गालाला लावायचे. मी ओरडायची, "टोचते ना बाबा!" ते खदाखदा हसायचे. "टोचलं पायजे बाई. टोचत नाई तो ब्रश कायचा?"

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून त्यांनी गावातच दोन खोल्यांचं घर बांधलं. खाण सुटली, पण रोजची दाढी काही सुटली नाही. दाढी वाढलेला माणूस म्हणजे एक तर आजारी किंवा सुतकातला, असं त्यांचं मत. रविवारी पांढरा शर्ट घालून, गाल गुळगुळीत करून ते विहारात जायचे आणि परत येताना लिंबाच्या झाडाखाली आपल्या जुन्या पाळीवाल्यांबरोबर जेवायची वेळ होईपर्यंत बसायचे. आईनं दहा हाका मारल्याशिवाय उठायचे नाहीत.

गेल्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा काठी टेकत, पाय ओढत का होईना चालत होते. बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. तोंड मात्र डावीकडे थोडं उतरलं होतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, म्हणून आईनं रेझर लपवून ठेवला. न्हाव्याला घरी बोलावू म्हटलं तर बाबांनी नको म्हणून हात हलवला. परक्या माणसानं ते उतरलेलं तोंड जवळून बघितलेलं त्यांना नको होतं. खिळ्यावरचा आरसाही त्यांनी आईला काढून ठेवायला लावला होता. दाढी वाढत गेली आणि बाबा घरातच बसले. विहार नाही, लिंबाचं झाड नाही. जुने सोबती भेटायला आले की भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचे. आई मला फोनवर म्हणाली, "लकव्यानं नाई, हे बसून बसून मरतीन."

मी रविवारी दुकान नवऱ्यावर टाकलं आणि भंडारा, तुमसर अशा बशी बदलत चिखल्याला पोचले. पिशवीत कपाटातला सगळ्यात मऊ ब्रश होता. "तुमची दाढी मी करते," म्हटलं.  आईनं लपवलेला रेझर काढून दिला आणि खुर्ची ओट्यावर आणून ठेवली.

उजव्या गालाला फेस लावला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मला बरं वाटलं. मग डावीकडे वळले. चांगला दाट फेस लावला, कानापासून हनुवटीपर्यंत.

"इकडं लाव ना," बाबा म्हणाले.

"लावला ना बाबा."

"इकडं म्हन्तो मी. ह्या गालाले."

माझा स्वभाव त्यांच्याच घरचा, राग नाकावर. "बाबा, पांढराफेक गाल झाला तुमचा! आनखी किती लावू?"

त्यांनी डोळे उघडले. उजवा हात उचलून डाव्या गालावर ठेवला आणि बोटांवरचा फेस बघत राहिले. "मले मालूमच नाई पडलं," ते म्हणाले.

हात गेला, पाय गेला, हे दिसत होतं. आम्ही सगळे त्याच्याबद्दल बोलत होतो. गाल गेल्याचं मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, त्यांच्याही. घास तिकडच्या बाजूनं ओघळला की आई तोंड पुसायची, आणि तिनं पुसलं हेसुद्धा त्यांना कळत नव्हतं.

"मायावाला ब्रश आन," ते आईला म्हणाले.

आईनं ट्रंकेतून तो काढला. वर्षानुवर्षं घासून त्याचे केस आखूड झाले होते आणि आखूड झाल्यामुळे आणखीच ताठ. मी म्हटलं, त्याचे केस गळतात, वास येतो, चामडी सोलून निघेल. पालथ्या घड्यावर पाणी. बाबा ऐकेनात आणि मीही गप्प बसेना, तेव्हा आई वैतागून म्हणाली, "खान तशी माती. लाव न हे म्हन्तेत तसा!"

मी ब्रश गरम पाण्यात भिजवला आणि डाव्या गालावर घासायला लागले. हनुवटीपाशी काही नाही. ओठाशेजारी काही नाही. गालाच्या मधोमध काही नाही. कानाच्या पाळीखाली आले तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं.

"थांब. इथं. इथं काईतरी हाये."

"काय हाये?"

"मुंगी चालल्यावानी."

तेव्हापासून आमचं काम ठरलं. दाढी रविवारी मी करायची आणि रोज सकाळी आईनं नुसताच ब्रश फिरवायचा. व्यायाम शिकवायला येणारी मुलगीही म्हणाली, घासत राहा, टॉवेलनं, कापसानं, ब्रशनं, नसा कधी कधी जाग्या होतात. "कधी कधी" हे शब्द तिनं मुद्दाम सावकाश उच्चारले. पण बाबांनी मनावर घेतलं. पाळीवरून आल्यावर साहेबाला सांगत असतील तसं मला सांगायचे, आज मुंगी कुठवर आली ते. कानाखालून जबड्याच्या हाडापर्यंत, मग हाडावरून थोडी पुढं. दाढी झाली की मी म्हणायची, चला, विहारात सोडते. ते म्हणायचे, "आंगी नाई. काम पुरं होऊ दे." आंगी नाई म्हणजे इतक्यात नाही. आमच्या झाडीपट्टीतली माणसं कामाला नाही म्हणत नाहीत, नुसतं पुढं ढकलतात.

मधेच जुना ब्रश गेला. एका सकाळी केसांचा अख्खा झुपका मुठीपासून सुटून आईच्या हातात आला. मग मी, नायलॉनचं भाषण देणारी, खऱ्या केसांचा ब्रश शोधत फिरले. ठोक माल आणणारा तर खूश झाला. "ताई, तुमीच म्हनल्या होत्या ना, हा कचरा मायाकडे पाठवू नोका?" मी म्हटलं, म्हनली होती, आता आन. त्याच्याकडे नव्हताच. शेवटी साकोलीच्या बाजारात, कंगवे आणि आरसे मांडून बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे धूळ खात पडलेला मिळाला. नवा कोरा, घोड्याला खरारा करावा इतका राठ. माझ्याच बोटाला टोचला. मी इतकी खूश झाले की दुकानदार असून भाव करायचं विसरले.

उन्हाळ्यात मुंगी अडली. जबड्यापाशी आली आणि तिथंच थांबली. रविवारमागून रविवार गेले. ओठाच्या कोपऱ्यापाशी मी ब्रश फिरवायची आणि बाबांच्या तोंडाकडे बघायची. ते नकारार्थी मान हलवायचे. एकदा म्हणाले, "राहू दे बाई. कायले येते मुंगी एवढ्या दूर? तिकडचं काम बंद झालं." दाढी केलेली असूनसुद्धा ते मला दाढी वाढल्यासारखे दिसले. परतीच्या बशीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. तरी पुढच्या रविवारी गेलेच, कारण न जाणं म्हणजे ते म्हणतात ते कबूल करणं.

धानाच्या रोवणीचे दिवस आले. त्या रविवारी माझं लक्ष धड नव्हतं. दुकानात पाणी गळत होतं, नवरा फोनवर फोन करत होता. फोन कानाला आणि खांद्याला दाबून मी एका हातानं बाबांचा डावा गाल घासत होते, भांडं घासावं तसा.

"हळू ना!" बाबांनी मान झटकली. "टोचून रायला!"

"हो हो, झालंच," मी म्हटलं आणि आणखी दोनदा घासलं. मग हात थांबला. फोनमध्ये नवरा हॅलो हॅलो करत होता.

"कुठं टोचून रायला बाबा?"

"गालाले! आनखी कुठं?" ते चिडून म्हणाले, आणि मग त्यांनाही कळलं.

आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. बाबांनी माझ्या हातातून ब्रश घेतला आणि स्वतःच ओठाच्या कोपऱ्याला लावला. मग गालाच्या मधोमध. मग हनुवटीला. प्रत्येक ठिकाणी त्यांनी तोंड वाकडं केलं. आजारी पडल्यापासून मला त्यांचं तोंड वाकडं झालेलं बघून पहिल्यांदाच आनंद झाला.

"लय खराब ब्रश हाये हा," ते म्हणाले. "कोनत्या गाढवानं देल्ला तुले? तुया दुकानातला तो नरम आन."

तो ट्रंकेत तसाच पडून होता, हिवाळ्यापासून. मी काढून आणला. मला धड दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. नळाच्याच पाण्यात बुडवला, फेस केला आणि डाव्या गालावर अगदी हलक्या हातानं टेकवला. बाबांनी डोळे मिटलेले होते. मला विचारायची हिंमत होत नव्हती.

"पानी थंडं हाये," बाबा म्हणाले. "गरम काहून नाई केलं?"

मी तिथंच ओट्यावर बसून मोठ्यानं रडायला लागले. आईनं पाणी तापत ठेवलं, आरसा परत खिळ्याला अडकवला आणि पांढरा शर्ट शोधायला आत गेली.