खोडलेल्या ओळीखालची सही

वामनभाऊ लोहकरे गेल्याचं मला कारंज्यात, न्हाव्याच्या खुर्चीत बसलेलो असताना कळलं. एका गालाला साबण फासलेला, दुसरा मोकळा. पोस्टमन रस्त्याने सायकल हातात धरून चालला होता. त्याने दुकानात डोकावून सांगितलं, "गुरुजी, भाऊ गेले. आज सकाळीच. आंघोळीचं पानी काढता काढता खाली बसले, ते उठलेच नाई." मी म्हणालो, "काहीतरीच काय बोलतोस? उद्या यायचेत ते माझ्याकडे." जणू माझ्याकडे येण्याचं कबूल केलेल्या माणसाला मरण्याची परवानगीच नव्हती! आदल्याच दिवशी बाजारात भाऊ भेटले होते. वांगी दाबून दाबून निवडत होते, भाजीवालीची बोलणी खात होते, आणि जाताना मला म्हणाले होते, "रविवारी येतो गुरुजी, चा ठेवजा. थोडं बोलाचं हाये." मी तसाच उठलो. अर्धी दाढी घेऊन त्यांच्या घरी पोचलो, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. आज पाच आठवडे झाले, तरी रविवार उजाडला की मी दाराकडे पाहतो. खरं सांगायचं तर मला अजून पटलेलंच नाही.

नव्या पिढीला वामनभाऊ ठाऊक नसतील. ते एकच खेप आमच्या भागाचे आमदार होते. त्याआधी आणि त्यानंतरही शेतकरीच. मी शाळामास्तर. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेला उकिरडा, त्यामुळे विधानसभेत विचारायचे प्रश्न ते तोंडी सांगत आणि मी लिहून काढत असे. डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन आलं की भाऊ पिशवीत दोन सदरे कोंबून महामार्गावर उभे राहत. एस.टी. मिळाली तर एस.टी., नाहीतर संत्र्याचा ट्रक. एकदा ट्रकवाल्याला यांनी आपण आमदार असल्याचं सांगितलं, तर तो म्हणाला, "और मैं मुख्यमंत्री. बैठो." हा किस्सा भाऊ स्वतःच रंगवून सांगत.

त्यांच्या दोन पद्धती होत्या. पहिली म्हणजे, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सभागृहात अक्षर बोलायचं नाही. रस्ता मागायचा तर आधी तो तुडवायचा, शाळेची खोली मागायची तर गळक्या खोलीत जाऊन बसायचं. स्वतःला जमलं नाही तर मला पाठवत. दुसरी पद्धत पत्रकाची. अधिवेशन संपलं की एक पानभर छापून घ्यायचे आणि गावोगाव वाटायचे. त्यात तीन रकाने असत: मागितलं, मिळालं, नाही म्हणाले. तिसरा रकाना छापणारा आमदार मी दुसरा पाहिला नाही. मग बाजाराच्या दिवशी शाळेच्या ओट्यावर सभा घ्यायची आणि ज्याला जे विचारायचं ते विचारू द्यायचं.

त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात भरीव अधिवेशन ज्या साली झालं, त्या साली टेकडीपलीकडच्या गोंडांच्या टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, हातपंप मंजूर झाला होता. तो सुरू झाला की नाही ते पाहून यायचं काम माझ्याकडे होतं. मी निघालो. टेकडीच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर ओळखीचा एक जण भेटला. म्हणाला, "पंप बसला ना गुरुजी, चांगला ओटा बांधला. काऊन उगाच पायपीट करता?" घरी सहामाहीचे पेपर तपासायचे पडले होते, गुडघा कुरकुरत होता... मी चहा प्यालो आणि परत फिरलो. संध्याकाळी भाऊंना सांगितलं, "पाहून आलो." दोनच शब्द.

भाऊंनी त्या दोन शब्दांवर केवढी इमारत उभी केली! सभागृहात मंत्र्यांचे आभार मानले आणि त्याच दमात, या टोलीवर झालं तसं बाकीच्या टोल्यांवरही करा, म्हणून अडून बसले. आश्वासन घेऊनच खाली बसले. शिवाय दोन गावांना एस.टी., एक दवाखाना, नाल्यावरचा पूल. त्या पत्रकात 'मिळालं'चा रकाना पहिल्यांदाच 'नाही म्हणाले'पेक्षा लांब होता. आठवी ओळ होती, 'टोलीवर हातपंप सुरू झाला.' मीच लिहिली होती, वळणदार अक्षरात.

सभेत सोनाबाई उईके उठली. टोलीवरून चालत आली होती. पत्रक कोणाकडून तरी वाचून घेतलं होतं. म्हणाली, "भाऊ, तुमच्या कागदात पानी आलं, टोलीत नाई आलं. दांडा हलवून हलवून हात दुखले आमचे. पाइप पुरलाच नाई म्हंते. आमी अजून नाल्यात झरा उकरून राह्यलो."

मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो. आता भाऊ माझ्याकडे वळणार, म्हणून कानशिलं तापली. ते वळले नाहीत. म्हणाले, "माय, चूक माही हाये. मी पाह्यले आलो नाई."

पुढचा महिनाभर हा माणूस लाल शाईचा पेन घेऊन घरोघर फिरला. जिथे जिथे पत्रक गेलं होतं तिथे जाऊन आठवी ओळ खोडली आणि खाली सही केली. लोक हसले. सहीची सवय माझीच. शाळेच्या हजेरीपटात खाडाखोड ज्याची, सही त्याची, असा माझा दंडक होता, आणि तो भाऊंनी माझ्याकडूनच उचलला होता. पुढच्या अधिवेशनात उभं राहून त्यांनी सभागृहालाही सांगितलं की आपण चुकीची माहिती दिली. पुढल्या निवडणुकीत विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं. 'कागदावर पाणी पाजणारा आमदार' अशी घोषणा झाली आणि भाऊ पडले. पडल्यावरही कचेऱ्यांचे उंबरे झिजवून त्यांनी त्या पंपाला पाणी आणलं. तेव्हा मात्र पत्रक निघालं नाही.

माझ्या घरीही ते पेन घेऊन आले होते. खिळ्याला टांगलेलं पत्रक काढलं, ओळ खोडली, सही केली. मग पेनाचं टोपण लावता लावता विचारलं, "काही सांगाचं हाये का, गुरुजी?" मी म्हणालो, "नाही. चहा घेता ना?" ते म्हणाले, "घेतो." चहा घेतला आणि गेले. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारणारा मी! त्यानंतर किती वेळा सांगायचं ठरवलं आणि किती वेळा गिळलं, याला हिशेब नाही. त्यांची आमदारकी माझ्या आळसाने गेली, हे मी त्यांना सांगू शकलो नाही.

तेरवीला वहिनींनी मला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "गुरुजी, तुमाले एक सांगतो. सभेच्या दुसऱ्याच दिवशी हे टोलीवर गेलते. सोनाबाईले इचारलं, गुरुजी आलते का? ती म्हने, कोनते गुरुजी?"

वहिनी पुढे म्हणाल्या,

"मी लय भांडलो यांच्याशी. म्हटलं, सांगा ना लोकायले. तर म्हने, गुरुजी आपल्या तोंडानं सांगतीन एक दिवस. आता त्या रविवारी तुमच्याकडे येनार होते. म्हने, म्हातारे झालो दोघंही, गुरुजीच्या डोक्यावरचं ओझं आता मीच उतरवतो."

इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं. माझ्या हातचा चहा पीत होते, माझ्या गुडघ्याची चौकशी करत होते, आणि ठाऊक होतं! आणि मी ज्या रविवारची वाट पाहत होतो, तो त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवला होता.

परवा मी टोलीवर जाऊन आलो, पहिल्यांदाच. टपरीवर थांबलो नाही. पंप चालतो. सोनाबाई आता थकली आहे. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, दांडा चार वेळा हलवला, तांब्या माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "उशीर केला गुरुजी तुमी."

घरी आल्यावर खिळ्याचं पत्रक काढलं. कागद पिवळा पडला आहे, पण लाल शाई टिकली आहे. खोडलेल्या आठव्या ओळीखाली भाऊंची ती कोंबडीच्या पायाची सही आहे. तिच्याखाली मी माझी केली.