श्वास ऐकू येईल इतकी शांतता

डॉक्टर अनंतराव निटूरकर यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. नांदेडच्या गौरव समितीने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा डॉक्टरांच्या शस्त्रक्रियांवर लिहायला माझ्यापेक्षा जाणती माणसे आहेत, असे मी कळवले. मला लिहायचे आहे ते त्यांच्या मोटारीविषयी, कारण आमची ओळख झाली ती मोटारीपायीच.

निजामाच्या अमदानीची ती अखेरची वर्षे. आमचे घर शिरूर अनंतपाळचे, शेतकऱ्याचे. माझे थोरले बंधू ज्ञानोबा यांच्या पायाला वखराची पास, म्हणजे खालचे धारदार पाते, लागली. जखम भरत आली आणि एका सकाळी त्यांचे तोंडच उघडेना. मी लातूर गाठले. डॉक्टरांचा दवाखाना तेव्हा लातुरात होता. माझे बोलणे पुरते संपण्याआधीच ते उठले. "धनुर्वात आहे. चला."

घरी येताच त्यांनी दादांना सुई टोचली. पुढे अंधारी खोली, शांतता आणि अखंड देखरेख हवी होती आणि ती लातुरातच मिळणार होती. आम्ही दादांना मोटारीत निजवले. मोटार जुनी, कापडी टपाची, रस्ता खडीचा. दार खटकन वाजले, मोटार दुरुस्तीच्या हत्यारांचा डबा खणखणला, की दादांचे अंग कमानीसारखे ताठे. शुद्ध मात्र शाबूत होती. डोळे आमच्याकडेच लागलेले.

"साहेब, थांबवा की," वडील कळवळून म्हणाले. "ह्यो आवाजच मारून राहिलाय त्याला."

डॉक्टरांनी मोटार थांबवली. दारे आपल्या उपरण्याने बांधली, हत्यारांचा डबा उचलून शेतात टाकून दिला आणि बैलगाडीच्या चालीने मोटार पुढे नेली. पण लातूर दिसण्याआधीच दादा गेले.

सुतक फिटल्यावर डॉक्टर आमच्या दारी आले. ओसरीवर बसून वडिलांना म्हणाले, "बाबा, आजार मोठा होता, हे खरं. पण माझ्या मोटारीनं त्याला हातभार लावला. ती मोटार मी अशी ठेवणार नाही. मला एक माणूस द्या."

वडिलांनी माझ्याकडे बोट केले. "ह्याला न्या. हितं नुसता भितीकडं बघत बसून ऱ्हायतो."

अशा रीतीने मी त्यांचा कंपाउंडर झालो आणि मोटार चालवायलाही त्यांच्याकडूनच शिकलो. दवाखाना आटोपला की मी मोटार हाकायची आणि डॉक्टरांनी मागे डोळे मिटून बसायचे, हा आमचा नेम झाला. "डाव्या दाराची कडी," ते सांगत. "आता पायाखालची फळी." जो आवाज सापडेल त्याच्यामागे ते हात धुऊन लागत. फळ्यांखाली लोकरीचा जाड नमदा आला, कड्यांना चामड्याच्या पट्ट्या आल्या, जिनिंगमधल्या कापसाची गादी आली. इंजिनाची घरघर काही जाईना, म्हणून मी हिरमुसलो. ते म्हणाले, "ती राहू द्या. एकसुरी आवाज रोगी सोसतो. दचकवणारा आवाज तेवढा नको."

लातूरच्या काही प्रतिष्ठितांना हे सारे हसण्यावारी न्यावेसे वाटे. एका जहागीरदारांनी तर "गादीची मोटार" लग्नाच्या वरातीसाठी मागितली. "वरात वाजतगाजतच निघावी. ही मोटार त्या कामाची नाही," एवढेच उत्तर डॉक्टरांनी धाडले. त्या नकाराची किंमत त्यांनी मोजली. जहागीरदारांच्या गोतावळ्याने दवाखान्याची पायरी चढणे सोडले. डॉक्टरांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

त्यांच्या हातूनही चूक झाली. शांतता पुरती व्हावी म्हणून त्यांनी पुढच्या आणि मागच्या बाकांमध्ये नमदा ठोकलेली फळी बसवली. निलंग्याच्या एक वृद्ध बाई, मांडीचे हाड मोडलेल्या, पहिल्यांदा त्या फळीमागून आल्या. लातुरात दार उघडले तर बाई रडत होत्या. "पानी पानी म्हनून वरडले की रं बाबांनो! तुमाला ऐकूच जाईना. जित्तीच पुरल्यावानी झालं मला."

डॉक्टरांनी हात जोडले, स्वतः त्यांना पाणी पाजले आणि त्याच संध्याकाळी फळी उखडली. मला म्हणाले, "मागच्याचा श्वास पुढच्याला ऐकू आला पाहिजे. मोटार तेवढीच शांत हवी. त्याहून जास्त शांतता रोग्याच्या काय कामाची?"

या निश्चयाची खरी कसोटी पुढे लागली. निलंग्याकडच्याच गंगाबाई या बाळंतिणीला धनुर्वात झाला. निजामाच्या राज्यातल्या त्या धामधुमीच्या दिवसांत वाटोवाट पोलिसांचे नाके बसले होते. शिपाई बॉनेटवर दंडुका आपटून मोटारी अडवत, साऱ्यांना खाली उतरवत. नाका दिसताच डॉक्टरांनी मला लांबच थांबवले आणि हात वर करून एकटेच चालत गेले. बंदुका त्यांच्यावर रोखलेल्या. मागे गंगाबाईंचा श्वास मात्र मला स्पष्ट ऐकू येत होता.

"जमादारसाहेब, माझी झडती घ्या, मला इथं बसवून ठेवा," डॉक्टर त्यांना म्हणाले, "पण मोटारीवर काठी मारू नका. आवाजानं बाई दगावेल."

जमादार मोटारीपाशी आले, काचेतून आत पाहिले आणि मागे वळून शिपायांना दबक्या आवाजात म्हणाले, "कोई आवाज नक्को करो रे." नाक्यावरच्या आडव्या बांबूची साखळी वाजू नये म्हणून त्यांनी ती स्वतःच्या मुठीत धरली आणि बांबू हाताने उचलला. गंगाबाई वाचल्या. या समारंभाला त्या नातवंडांसह येणार आहेत.

आणखी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. आमच्या आईला त्या मोटारीचा आवाज कानावर नको असे. डॉक्टरांना ते कोणी सांगितले नव्हते. तरी शिरूरला आले की ते मोटार गावाबाहेर उभी करत, भर उन्हात घरापर्यंत चालत येत आणि तिची नाडी पाहत. ती असेपर्यंत त्यात कधी खंड पडला नाही.

आता नांदेडच्या रुग्णालयासाठी नवी रुग्णवाहिका तयार होत आहे. तिच्या आत काय वाजते ते पाहायला डॉक्टर या वयातही धर्माबादच्या रस्त्यावर तिच्यात आडवे पडून जाऊन येतात आणि परत आल्यावर मिस्त्रींना दुरुस्त्या सांगतात. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. पारख करायला त्यांनी त्या गाडीत हवे तितक्या वेळा आडवे व्हावे. रुग्ण म्हणून मात्र एकदाही नाही.