सशांच्या दाण्यावरची मूठ

आर्वीच्या एका दिवसाच्या ससेपालन प्रशिक्षणातून मी तीन वस्तू घेऊन हिंगणीला परतलो: प्रमाणपत्र, खनिज मिश्रणाची पिशवी आणि मापाचा इवलासा चमचा. प्रमाणपत्र भिंतीवर लावलं. चमचा बायकोला देऊन टाकला, मिठाच्या बरणीत ठेवायला. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला चमचा कशाला लागतो?

ससे खरं तर तिचे. आधीच्या खेपेची सगळी पिल्लं गेली होती, म्हणून ही पाच जगवायचीच, असा तिनं ध्यास घेतला होता. पिल्लं नुकतीच दाणा कुरतडायला लागली होती.

आमच्या घरी बैलांच्या ढेपीवर मीठ मुठीनं पडायचं, आणि मूठ घरच्या कर्त्याची. आधी वडिलांची होती, मग माझी झाली. बैल विकले, मूठ तेवढी राहिली. ती मी खनिज मिश्रणानं भरून सशांच्या दाण्यावर उघडली.

"एवढं काऊन टाकून राह्यले? लेकरं हायेत ते," बायको म्हणाली.

"हाडं कशानं बनतात, ठाऊक आहे का?" असं विचारून मी तिला कॅल्शियमवर अर्धा तास ऐकवलं. ती सशांच्या हिरव्या चाऱ्याचा लसूणघास निवडत राहिली.

आठवड्याभरात पिंजऱ्याखालच्या पत्र्यावर लघवीचे पांढरे, खडूसारखे डाग पडू लागले. मी खूश! शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं, की कॅल्शियम अंगात मावेना म्हणून उतू चाललंय. त्यांनी माना डोलावल्या. विज्ञानाला आमच्या गावात अजून मान आहे.

मग पिल्लांनी दाणा सोडला. सगळ्यांत लहान होतं ते कोपऱ्यात अंग चोरून बसलं. मला न विचारता बायकोनं गुरांच्या डॉक्टरला बोलावलं.

डॉक्टरनं पत्रा पाहिला, पिशवी पाहिली. "लसूणघासातच भरपूर कॅल्शियम असतं, गुरुजी. त्यावर हे किती टाकता?"

मी मूठ पुढं केली.

"हे तर बैलाचं माप झालं! सोबत चमचा दिला असंल ना?"

बायको आत गेली आणि तिनं बरणीतला चमचा आणून त्याच्यापुढं ठेवला. पोरांसमोर फळ्यावरचं गणित चुकलं तेव्हाही मला एवढी लाज वाटली नव्हती.

मिश्रण बंद झालं, वाळलं गवत आणि पाणी सुरू झालं, आणि चार वाचली. सगळ्यांत लहान मात्र त्याच संध्याकाळी गेलं.

निंबाखाली खड्डा मी खणला. पिल्लू उचललं. जिथं रोज मिश्रण भरून घ्यायचो, त्याच तळहातावर ते अख्खं मावलं.

मागं बायको उभी होती. रडून तिचा आवाज बसला होता.

"पाहा आता," ती म्हणाली, "केवढुसं होतं ते."