डाव्या गालावरचा वण

नात पुण्याहून आली ती खांद्यावर कपड्यांची बॅग आणि काखेत एक चपटं यंत्र घेऊन. आमच्याकडचा डिस्क लावायचा डबा कधीच भंगारवाल्याकडे गेला, म्हणून पोरीनं स्वतःचाच उचलून आणला होता.

"आज्जी, तुमचा शिनेमा घेऊन आलो बघ," म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी 'आले' म्हणत नाहीत. पुण्यात नोकरी लागली तरी हिचं 'आलो' काही सुटलेलं नाही, आणि मला ते बरं वाटतं.

तिनं डिस्कची डबी माझ्या मांडीवर टाकली. वर टोपी घातलेला खलनायक. टोपीखाली डोळे तेवढे उजेडात, आणि दोन्ही गाल नेमके काळोखात! मी चष्मा वर केला, खाली केला, डबी ट्यूबलाइटखाली धरली. छापणाऱ्याला आमचं भांडण ठाऊक असावं, असा मला संशय आला.

भांडण असं. त्या खलनायकाच्या गालावर चाकूचा वण आहे. मी म्हणते डाव्या गालावर, नवरा म्हणतो उजव्या. सिनेमा लग्नाआधी बघितलेला. लग्नानंतरचं पहिलं भांडण झालं ते ह्याच्यावर, आणि पुढे कुठलंही भांडण, अगदी आमटीतल्या मिठावरून निघालेलं असलं तरी, शेवटी त्या गालावर येऊन टेकायचं. "तुला डावं-उजवं कळत न्हाई," ते म्हणायचे. "आणि तुमाला काट्याबिगार काय दिसतंय?" मी म्हणायची. ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाच्या गाडीवाल्यांशी भांडून भांडून आवाज असा झाला होता की घरात कुजबुजले तरी गल्लीला कळायचं.

झाला होता म्हणते, कारण गेल्या वर्षी ते तापानं दवाखान्यात पडले आणि घरी आले ते निराळेच. चालतात, जेवतात, पेपर उघडतात. पण भांडत नाहीत. "आमटी खारट झालीया," मी मुद्दाम म्हणायची. "असंल." "तुमचा भाऊ लबाड हाय." "असंल." सख्ख्या भावाबद्दल! डॉक्टर म्हणाले, वयानं विसर पडतो, जुनं आठवतंय का बघत राहा. आता मी कसं बघणार? आठवत नाही म्हणून 'असंल' म्हणतात, की आठवतं पण माझा कंटाळा आलाय? ह्यातलं वाईट कुठलं, तेही मला ठरवता येईना. शेवटी एका सकाळी मी ठेवणीतलं काढलं. म्हटलं, "वण डाव्या गालावरच होता."

पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "असंल."

त्या दिवसापासून माझा पाय एका जागी ठरेना. झाडलेलं परत झाडायची, भरलेला डबा उपसून परत भरायची. नातीला फोनवर एवढंच सांगितलं, कुठूनही तो शिनेमा हुडक. तिला असल्या काळ्या-पांढऱ्या गुन्हेगारी सिनेमांचा नाद आहे. मूळ निगेटिव्ह शोधून, एकेक चित्र धुऊनपुसून नवं केलेले सिनेमे ती देशोदेशीहून मागवते. तिच्या आईला वाटतं, ह्या पैशात सोनं झालं असतं.

मी तो बघितला मुरगूडला, माझ्या माहेरी, सुगीनंतर यायचा त्या फिरत्या सिनेमाच्या तंबूत. त्याच दिवशी मला बघायला पेठ वडगावचे पाव्हणे आले होते. मी मान खाली घालून पोहे दिले आणि नवऱ्यामुलाचं काहीच न बघता आत आले. संध्याकाळी वडील म्हणाले, पावणं ऱ्हायल्यातच, तर शिनेमा दावू. तंबूच्या मधोमध पडदा. चित्र फेकणाऱ्या मशिनच्या बाजूला पुरुष, पलीकडच्या बाजूला आम्ही बायका. पडद्यातून आरपार दिसावं म्हणून एक माणूस बादलीनं त्यावर पाणी मारायचा. पडद्याची खालची कड जमिनीपासून हातभर वर होती आणि पाव्हण्यांना मान म्हणून पुढं बाकडं दिलेलं, त्यामुळे आम्हाला फटीतून त्यांचे पाय दिसत होते.

झालं. ह्यातले आपले कुठले, ते मी शोधायला लागले. नव्या करकरीत चपला, गोरे घोटे, अशी एक जोडी पसंत पडली. वर पडद्यावर माणसं मरत होती आणि ही बया, वेणीत अबोली माळलेली, घोट्यांकडे बघून लाजत होती. लग्नात कळलं, ते पाय नवऱ्याच्या मामाचे. चार पोरांचा बाप!

पाय बघून उरलेल्या वेळात जो सिनेमा दिसला, त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत पाऊस पडत होता. रस्त्यावर पाऊस, बंदरावर पाऊस, नाचगाण्याच्या क्लबातही पाऊस. मी मैत्रिणींना सांगितलं, मुंबईत घरातसुद्धा गळतं. एवढं ज्ञान मिळवून मी बोहल्यावर उभी राहिले.

"आज्जी, ते रिळावरचे ओरखडे गं," नात म्हणाली, आणि हसून हसून सोफ्यावर आडवी झाली.

दुपारची जेवणं झाली. नातीनं खिडक्यांवर चादरी टाकल्या, एका फटीवर माझी जुनी साडी खोचली. नवऱ्याला मधोमध बसवलं, हातात भाजलेल्या शेंगांची वाटी दिली. मी शेजारी. बसले, उठले, गॅस बंद आहे का बघून आले, परत बसले.

आणि सुरू झालं. पाऊस नाही! रस्ता कोरडा ठणठणीत. तंबूत आम्हाला काळं म्हणजे नुसतं काळं दिसायचं, निम्मा सिनेमा आवाजावर समजून घ्यायचा. इथं काळ्यात काळं होतं. तव्याचं निराळं, म्हशीच्या पाठीचं निराळं, काजळाचं निराळं. जिन्याखालच्या अंधारात एक माणूस कधीचा उभा होता आणि मला ते आयुष्यात पहिल्यांदा कळलं. त्याच्या कोटाचं एक बटण तेवढं लकाकत होतं. क्लबातल्या गाणारणीनं सिगारेटचा धूर सोडला, तो खिडकीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या उजेडातून असा चढला की मी नाकाला पदर लावला. एवढी वर्षं मी तिला अवदसा म्हणत होते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तंबूत ते कुणाला दिसलं?

पण माझं लक्ष ठरत नव्हतं. तो कधी येतोय, एवढंच.

आला. काडी ओढली, ती तोंडाशी नेली आणि गाल उजळला. वण लख्ख, शिवणीच्या टाक्यांसकट. उजव्या गालावर.

"आबा, जिंकलासा की तुमी!" नात ओरडली.

नवऱ्यानं एक शेंग सोलली. टरफल वाटीत ठेवलं. "काय जिंकलो?"

पोरीचं तोंड उतरलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले नाही, नुसता तांब्या ह्या ओट्यावरून त्या ओट्यावर ठेवला. जन्मभर ह्या माणसानं जिंकू नये म्हणून धडपडले, आणि आज त्यानं जिंकल्याचा माज करावा म्हणून मी देवाला नारळ बोलत होते. बाहेरून पिस्तुलाचा आवाज आला. परत जाऊन बसले.

थोड्या वेळानं ती गाणारीण आरशासमोर बसलेली. मागून दार उघडतं, आणि आरशात तो दिसतो, टोपी, कोट, गाल. आरशात वण डावीकडे. मला आरसा कळत होता हो, तेवढी काही मी भोळी राहिलेले नाही. पण तोंडाला आवर घातला नाही.

"बघा! बघा की! डावा! म्हटलं न्हवतं? मी जिंकलो!" माझंसुद्धा कोल्हापूर अशा वेळी बाहेर येतं.

वाटी खाली आपटली. टरफलं उडाली.

"अगं ए म्हातारे, त्यो आरसा हाय! आरशातलं उलटं असतंय!" हाच तो आवाज. शेजारच्या गॅलरीतलं कुणीतरी डोकावलं. "आणि तू बी तसंच उलटं बघितलीयास. पडद्याच्या मागं बसलावता की तुमी बायका!"

नातीनं चित्र थांबवलं.

पडदा, बादली, पाय, सगळं मला लख्ख आठवत होतं, शंभरदा लोकांना सांगितलं होतं. पण मागून बघितलं की डावं उजवं होतं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मग एकदम आठवलं. सुरुवातीला पडद्यावर नावं आली तेव्हा मला एक अक्षर लागेना. अक्षरं उलटी चालली होती. मी चौथी पास, साऱ्या आळीत शहाणी. शेजारच्या काकूंना ऐटीत सांगितलं होतं, "उर्दू हाय ते."

"तुमाला कवापास्नं ठावं हाय हे?" मी विचारलं.

"पहिल्या भांडणापास्नं."

"आणि सांगितला न्हाईसा?"

"तू इचारलीस कवा?" म्हणाले, आणि नातीकडे वळले. "लाव गं फुडं. आता त्यो बंदरावर मरतोय."

मेला, बंदरावरच. समुद्राचं पाणीसुद्धा दिसलं, एकेक लाट.

रात्री जेवताना मी विचारलं, "आमटी खारट झालीया न्हवं?" म्हणाले, "असंल." माझा घास तसाच राहिला. झोप लागली नाही. ह्या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. त्यांच्या डोक्यात कुठं काय लख्ख आहे आणि कुठं नुसतं काळं, ते मला बाहेरून कसं कळणार?

सकाळी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला. पेपर उघडा होता. मी पदर खोचला आणि म्हटलं, "मागं तुमी बसलावता. आमची बाजू पुढची."

कपावरची साय जमायला लागली.

मग पेपर खाली आला. "मशिन कुणाच्या बाजूला हुतं?"

"मशिनचं काय सांगताय? पडदा आमच्याकडं तोंड करून हुता."

"पडद्याला तोंड असतंय व्हय?"

नात खोलीतून डोळे चोळत बाहेर आली, आमच्या दोघांकडे बघितलं आणि गुमान परत आत गेली. नवऱ्यानं पेपराची घडी घातली, खुर्ची ओढून माझ्याकडे तोंड केलं. चहा गार होत होता. मी तो उचलून परत पातेल्यात ओतला आणि गॅस बारीक करून ठेवला.