चोवीस संगणक आणि पाच वर्षांची आवृत्ती

राजापेठेत दुसऱ्या मजल्यावर पौर्णिमेचा टंकलेखनाचा वर्ग आहे. चोवीस जुने संगणक, आणि त्या चोवीस देहांत एकच प्राण: उबंटू! हजारो अनोळखी हातांनी घडवलेली, मागेल त्याला मोकळी अशी ही संगणक चालवणारी प्रणाली. तिच्याविषयी पौर्णिमा आजही तासन्‌तास बोलत राहते.

या प्रेमापोटीच ती एकदा चुकली. उबंटूची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, पण तिची निगा, म्हणजे दुरुस्त्या आणि सुरक्षेचे बदल पुरवणे, नऊच महिने राखली जाते. दर दोन वर्षांनी एप्रिलात जी येते, तिची मात्र पाच वर्षे. पौर्णिमेने हर्षाच्या भरात ऑक्टोबरातली आवृत्ती सगळ्या यंत्रांवर चढवली. जुलैत निगा संपली, ऐन प्रवेशाच्या दिवसांत साऱ्या यंत्रांवर पुन्हा दुसरी आवृत्ती चढवावी लागली. वर्ग आठ दिवस बंद! नऊ विद्यार्थी निघून गेले.

आता एप्रिल उजाडला, पाच वर्षांची आवृत्ती आली, आणि परीक्षा पंधरा दिवसांवर. वर्ग पुन्हा बंद पडला तर उरलेलेही जाणार, हे ती जाणून होती. पण मन कुठे ऐकते?

"मॅडम, डाउनलोड झालं! टाकू काय सगळ्याईवर?" यंत्रे सांभाळणारा जुबेर अकोल्याच्या जुन्या शहरातून पहिल्याच गाडीने आला होता.

"टाक!"

अकोटहून आलेले तिचे वडील खुशालराव कोपऱ्यातून म्हणाले, "काहून व पोरी, नवं बियाणं साऱ्या वावरात एकदमच पेरून राहिली काय?"

"बाबा, हे पाच वर्षं टिकते."

"टिकन. पण तुया मातीत उगवते का, हे कोनं पायलं? आमी नवं वाण धुऱ्याकडं, बांधाले लागून, दोन ओळी पेरतो. बाकी वावर जुन्यावरच."

"काका, तुमी तर आमचे बडे इंजिनिअर निघाले!" जुबेर म्हणाला.

"इंजिनिअर नाई बापू, एकदा सारं वावर फसलेला मानूस आहो मी."

पौर्णिमा हसली, आणि दोनच यंत्रे निवडली. पडदा उजळला! मराठी कळफलक चालला, अक्षरे झरझर उमटली. पण वर्गातला म्हातारा प्रिंटर मुका. चोवीसही यंत्रांवर हीच गत झाली असती! तिसऱ्या दिवशी जुबेरला उपाय सापडला. कागद सरसरत बाहेर आला, तशी तिने टाळीच वाजवली.

परीक्षा जुन्याच आवृत्तीवर निर्विघ्न पार पडली. पुढच्या रविवारी उरलेली बावीस यंत्रे एकामागून एक नव्या तेजाने उजळली. आणि सोमवारी सातच्या तुकडीने सातलाच बोटे कळफलकावर ठेवली.