देवीला पडलेलं कोडं

अख्ख्या चौलात सरांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी मीच. तीन वर्षं त्यांनी मला तिसरीतून हलू दिलं न्हाय. मग मी शाळा सोडून नारळ काढायला लागलो, आणि रिटायर झालेले सर माझ्या माडाखाली येऊन उभे राहायला लागले. हा माणूस एकवेळ उपाशी राहील, पण दोन गोष्टी एकमेकींशी भांडताना दिसल्या की त्याला राहवत न्हाय. देवळाच्या भिंतीवर 'इथे काही लिहू नये' असं रंगवलंय. सरांनी त्याखाली खडूनं लिहिलं, 'मग हे कोणी लिहिलं?' आणि स्वतःचंच अक्षर बघून दिवसभर हळहळत बसले. एकदा मी अर्ध्या माडावरून बोलून गेलो, "सर, मी पक्का खोटारडा हाय." खालून सवाल आला, "हे खरं की खोटं?" विचार करायला मी हात डोक्याला लावला. माडावर दोन्ही हात लागतात हे तेव्हा कळलं. पाय आठवडाभर सुजला होता.

सरांच्या घरच्या बाई वारल्यापासून सर एकटेच. गेल्या जत्रेला मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. सर म्हणाले, गावदेवीचा कौल घेऊ, ती म्हणेल तसं. आमचा गुरव देवीला दोन पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. उजवी पडली की गेले माझे सर.

सर हात जोडून म्हणाले, "आई, आधी एक सोपा प्रश्न. याचं उत्तर मिळालं की पुण्याचं विचारतो. आता डावी पाकळी पडेल का?"

मुलानं कपाळावर हात मारला. सर तिथंच माझ्या कानात शिकवायला लागले, की डावी पडली तर देवी 'नाही' म्हणाली, म्हणजे डावी पडायची नाही, पण ती तर पडली. उजवी पडली तर 'हो', म्हणजे डावी पडायला हवी, पण ती तर वरच. मी मान हलवली. मान मी तिसरीतही हलवायचो.

अर्धा तास पाकळी हलेना. गुरव घामाघूम. तेवढ्यात उदबत्तीचा धूर माझ्या नाकात गेला आणि अशी शिंक आली की दोन्ही पाकळ्या एकदम खाली. गुरव म्हणाला, कौल फुकट गेला, आता पुढल्या जत्रेला. मुलगा बापाच्या पाया पडून एकटाच गेला.

जत्रा पुन्हा जवळ आलीय. मी तपकिरीची डबी आणून ठेवलीय. सर हल्ली पायरी चढताना थांबतात, मुलाचा फोन संपला तरी हातातच धरून बसतात. काल मी माडावरून ओरडलो, "सर, ते पाकळ्यांचं मला कळलं बरं का. आता तुम्ही निवांत पुण्याला जा."

सरांनी उन्हाआड डोळ्यांवर हात धरून वर बघितलं.

"तुला काहीही कळलेलं नाही, गाढवा. म्हणून तर राहिलोय."